नेम, शिस्त आणि लाल ठिपका

वयाचा एक टप्पा आणि त्या टप्प्यावर नाकावर येऊन बसणारा चष्मा, या दोहोंना एकाच शब्दाने संबोधणाऱ्या भाषेचे कौतुक करावे की तिच्या फटकळपणाचा राग धरावा, हे स्वतःला 'चाळिशी' लागल्याखेरीज ठरवता येत नाही. आम्हा दोघांनाही ती लागली आहे. पुस्तक दूर नेता नेता एके दिवशी हातच अपुरा पडतो आणि मनुष्य चष्म्याच्या दुकानाची पायरी चढतो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावर लिहिण्याजोगे काही उरलेले नाही. लिहिण्याजोगे आहे ते त्यापुढचे. पुस्तकाचा प्रश्न चष्म्याने सुटतो. रायफलीचा सुटत नाही.

महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्यांनी रायफलीची गोष्ट काढावी, हे काहींना चमत्कारिक वाटेल. त्याचा खुलासा असा, की आमच्यापैकी एकाकडे गेली काही वर्षे महाविद्यालयाच्या एन.सी.सी. तुकडीची जबाबदारी आहे, आणि दुसरा या उद्योगात निव्वळ कुतूहलापोटी ओढला गेला आहे. शिबिरात .२२ रायफलीच्या मोजक्याच गोळ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात. एरवीचा सराव चालतो तो ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या माळ्यावर, दहा मीटरच्या एअर रायफल रेंजवर. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. इथल्या रस्त्यांना लोक अजूनही क्रमांकांनीच ओळखतात: रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस. कित्येक कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, पासपोर्टसाठी येणाऱ्यांची रीघ आहे. पण अधूनमधून लेथ आणि मिलिंगची यंत्रे चालवणारे गाळे चिवटपणे तग धरून आहेत. आमची रेंज अशाच एका गाळ्याच्या डोक्यावर आहे. खाली पोलाद कापले जाते, वर कागदाला भोके पडतात.

साध्या रायफलीने नेम धरताना तीन वस्तू एका रेषेत आणाव्या लागतात: डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरवरचे लक्ष्य. ('माशी' हा शब्द आमच्या पदरचा नव्हे, नळीच्या टोकावरच्या त्या इवल्याशा उंचवट्याला मराठीत माशीच म्हणतात.) तिन्ही वस्तू तीन अंतरांवर, आणि डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसू शकते. म्हणून शिक्षक सांगतात, की माशी रेखीव दिसू द्या, लक्ष्य थोडे पुसट झाले तरी चालेल. हे सांगणे गणिताला धरून आहे. खाच आणि माशी यांच्यात ५० सेंटिमीटर अंतर असेल आणि त्यांच्या जुळणीत एका मिलिमीटरची चूक झाली, तर १०० मीटरवर ती २० सेंटिमीटरची होते. लक्ष्य पुसट दिसल्याने एवढे नुकसान होत नाही. माशी पुसट दिसल्याने होते.

चाळिशीत नेमकी माशीच पुसट होते. डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि जवळच्या वस्तूवर स्थिरावण्याची त्याची लवचीकता कमी होते. वाचण्याचा चष्मा लावावा तर लक्ष्याचा नुसता ढग होतो. दूरचा लावावा तर माशीला केस फुटतात. आणि दुहेरी भिंगांचा लावावा तर रायफलीवर गाल टेकवताना मान अशी काही वाकडी करावी लागते, की नेमाचे मूळच हलते. माशीवर लक्ष ठेवा असे विद्यार्थ्यांना सांगणारा शिक्षक स्वतः माशी पाहू शकत नसेल, तर त्याने काय करावे, हा प्रश्न आमच्यापुढे अगदी व्यावहारिक रूपात उभा राहिला.

इथे भाषेच्या अंगणात एक फेरी मारणे आम्हाला टाळता येत नाही. शिबिरात हुकूम हिंदीतून दिले जातात आणि त्यांत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. पहिल्या दिवशी मराठी मुले बुचकळ्यात पडतात. शिस्त पाळायची असते, लावायची असते, ती 'घेतात' कशी? फारसीतून आलेल्या या शब्दाचा नेम हा अर्थ जुन्या मराठीलाही परका नाही. पुढे तो मागे पडला आणि शिस्त म्हणजे वागण्यातला काटेकोरपणा एवढाच अर्थ उरला. गंमत अशी, की 'नेम' या शब्दातही हीच जोडी नांदते आहे. नित्यनेम, नेमधर्म यांतला नेम हा नियमाचा, व्रताचा. आणि नेम धरणे, नेम चुकणे यांतला नेम हा बाणाचा वा गोळीचा. एक शब्द संस्कृताच्या वाटेने आलेला, दुसरा फारसीच्या. पण लक्ष्य साधणे आणि नियमाने वागणे या दोन गोष्टी मराठीने दोनदा एकाच शब्दात बांधल्या. हा निव्वळ योगायोग असेलही. परंतु पुढे जे घडले, त्याने या गाठीकडे आम्हाला नव्याने पाहायला लावले.

रेंजवरच्या एका रायफलीवर कोणीतरी 'रेड डॉट साइट' बसवली होती. बोटभर लांबीची नळी, तिच्यात एक तिरपी काच, आणि काचेतून पाहिले की दूरच्या कागदावर टेकलेला एक लाल ठिपका. पुष्कळांचा असा समज असतो, की हा ठिपका लेझरच्या झोताप्रमाणे लक्ष्यावर पडतो. तसे मुळीच नाही. तो फक्त पाहणाऱ्यालाच दिसतो. लक्ष्याच्या बाजूने पाहिले तर तिथे काहीही नसते. नळीत एक सूक्ष्म दिवा असतो. त्याचा लाल प्रकाश वक्र काचेवरून परावर्तित होऊन डोळ्याकडे येतो आणि बाकीचा उजेड त्याच काचेतून आरपार जातो. दिवा काचेच्या नाभीवर ठेवलेला असल्यामुळे परावर्तित किरण समांतर निघतात आणि ठिपका जणू फार दूरवर आहे असा भास होतो. म्हणजे माशी नळीच्या टोकावरून उचलून लक्ष्याच्या अंतरावर नेऊन ठेवल्यासारखे झाले! डोळ्याला आता तीन अंतरांची कसरत करायची नाही; लक्ष्य पाहावे, ठिपका आपोआप स्पष्ट दिसतो. डोके जरा इकडेतिकडे झाले, तर ठिपका काचेत सरकतो, पण लक्ष्यावरून फारसा ढळत नाही.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. दुर्बिणी घडवणारे डब्लिनचे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली परावर्तनावर चालणाऱ्या नेमयंत्राचे पेटंट घेतले होते. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांत वैमानिकापुढे हेच तत्त्व काचेवर उमटत असे. लहानशा दिव्यावर आणि बॅटरीवर चालणारी रायफलीची साइट मात्र १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने बाजारात आणली आणि १९९७ पासून अमेरिकेच्या सैन्याने तिचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार केला. आपल्याला हे तत्त्व ऐकून नवल वाटू नये. मत्स्यवेधाच्या प्रचलित कथेत अर्जुन वर फिरणाऱ्या माशाकडे न पाहता पाण्यातल्या प्रतिबिंबाकडे पाहून बाण सोडतो. तिथे लक्ष्याचे प्रतिबिंब होते, इथे माशीचे आहे. एवढाच काय तो फरक.

अर्जुनाची दुसरी गोष्ट मात्र या साधनाला लागू पडत नाही. पोपटाच्या डोळ्याखेरीज आपल्याला काहीही दिसत नाही, हे त्याचे उत्तर आपण पिढ्यान्‌पिढ्या एकाग्रतेचा आदर्श म्हणून सांगत आलो. लाल ठिपक्याने नेम धरणारा दोन्ही डोळे उघडे ठेवतो. त्याला पोपटाचा डोळा दिसतो, पोपट दिसतो, फांदी दिसते आणि झाडाखाली कोणी उभे असेल तर तेही दिसते. शस्त्र हाती असलेल्या माणसाला झाडाखालचा माणूस दिसणे, ही लहान बाब नव्हे.

दहा मीटरच्या बंद खोलीत या साधनाची परीक्षा होत नाही. उलट इतक्या जवळून डोके हलले तर ठिपका थोडा फसवतोच. म्हणून गेल्या हिवाळ्यात एका रायफल क्लबच्या उघड्या रेंजवर, क्लबच्याच .२२ रायफलीने, आम्ही ५० आणि १०० मीटरवर ती करून पाहिली. पहिला आनंद निखळ होता. कित्येक महिन्यांनी लक्ष्य आणि खूण दोन्ही एकदम स्वच्छ दिसत होती. परंतु अंतर वाढले तसे ठिपक्याचे स्वभावदोष उघडे पडू लागले. ठिपक्याचा आकार कोनात मोजतात; एक एम.ओ.ए. म्हणजे अंशाचा साठावा भाग, जो १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर भरतो. दोन एम.ओ.ए.चा ठिपका, जो बारीक समजला जातो, ५० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर, १०० मीटरवर ५.८ आणि ३०० मीटरवर साडेसतरा सेंटिमीटर जागा झाकतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे ठिपका ठेवला, की दहाचेच नव्हे तर नऊचेही वर्तुळ त्याखाली नाहीसे होते. जे साधायचे तेच झाकून ठेवणारी ही खूण आहे. मागे तिप्पट मोठे दाखवणारे भिंग जोडले तरी सुटका नाही, कारण लक्ष्याबरोबर ठिपकाही तिप्पट होतो.

ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत या साधनाला जागा नाही. तिथे मागे सूक्ष्म छिद्र आणि पुढे पोकळ वर्तुळ असते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले, ते याच साधनाने. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिले ऑलिम्पिक पदक. छिद्रातून पाहिले की डोळ्याची स्पष्ट दिसण्याची मर्यादा आपोआप विस्तारते, हे कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून वाचून पाहणाऱ्या कोणत्याही चाळिशीवाल्याला पटेल. आणि पुढचे वर्तुळ लक्ष्याच्या काळ्या गोलाला झाकत नाही, वेढते. भोवती चारी बाजूंनी सारखी पांढरी कड राहिली की नेम बरोबर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्या उतरल्या तेव्हा त्यांचे वय चाळीस होते. चाळिशीवर एकच उपाय आहे आणि तो बॅटरीवर चालतो, असे म्हणण्याची सोय या उदाहरणाने ठेवलेली नाही.

ठिपक्याला अंतरही कळत नाही. ५० मीटरवर बरोबर जुळवलेली .२२ रायफल १०० मीटरवर तोच ठिपका ठेवून झाडली, तर गोळी साधारण वीतभर खाली लागते. गोळी खाली येणार हे ठिपका सांगत नाही. तो पूर्वीइतक्याच ठामपणे चमकत राहतो. शिवाय दृष्टिवैषम्य असलेल्या डोळ्याला तो गोल न दिसता स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या तारकेसारखा दिसतो. आमच्यापैकी एकाला तसाच दिसला. साइट बिघडली की डोळा, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे: मोबाइलने काचेतून छायाचित्र घ्यावे. छायाचित्रात ठिपका गोल आला, तर दोष साइटचा नाही. अशा वेळी ठिपक्याचा उजेड कमी केला, की फाटलेल्या कडा बऱ्याच आवरतात. लखलखाट वाढवून स्पष्टता वाढत नाही, हे इथेही खरेच.

हे सारे एकदा आम्ही खालच्या गाळ्याच्या मालकांना सांगत होतो. पन्नाशी उलटलेले हे गृहस्थ तरुणपणापासून मिलिंगवर उभे आहेत. त्यांच्या यंत्राला पूर्वी हातचाकावरच्या बारीक रेघा होत्या; आता त्याच्या कपाळावर लाल अंकांची पाटी आहे, जिला ते डीआरओ म्हणतात. टेबल किती सरकले ते ती मिलिमीटरच्या शतांशापर्यंत सांगते. रेघा दिसेनाशा झाल्या तेव्हा ही पाटी बसवली नसती, तर आपला धंदाच उठला असता, असे ते म्हणाले. आणि मग पुढे म्हणाले, "पण सर, आकडा टेबलाचा असतो, जॉबचा नाही. जॉब शिकंज्यात सैल राहिला, तर आकडा बरोबर येतो आणि माल रिजेक्ट होतो. झिरो कुठे घ्यायचा, ते मलाच ठरवावं लागतं." रायफलीवरच्या कोणत्याही पुस्तकात आम्हाला ही गोष्ट इतकी नेमकी सांगितलेली आढळली नव्हती.

तरीही आम्हा दोघांत एक वाद शिल्लक होता आणि तो मुलांचा होता. नवशिक्यांच्या हाती ठिपका द्यावा की नाही? एकाचे म्हणणे असे, की देऊ नये. ज्याने माशी आणि खाच जुळवण्याचे कष्टच केले नाहीत, त्याला नेम म्हणजे काय ते कधीही कळणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, की तुमचे कष्ट ही तुमच्या काळाची गरज होती, तिचे व्रत करून मुलांवर लादू नका. असले वाद प्राध्यापकांच्या खोलीत वर्षानुवर्षे मिटत नाहीत, तसा हाही मिटला नसता. तो पुढे सरकला तो एका विद्यार्थिनीमुळे.

दुसऱ्या वर्षाची ही मुलगी सरावाला कधी चुकली नाही. पण तिच्या पाच छऱ्यांची भोके हाताच्या पंजाएवढ्या जागेत विखुरलेली असत. संघात निवड व्हायची तर त्या टोळक्याला एकत्र यायला हवे होते, आणि निवडीला तीन आठवडे उरले होते. "सर, माझा हातच स्थिर नाही," असे ती म्हणे आणि तिला पाहणारे सगळेच ते मान्य करीत. एका संध्याकाळी तिला ठिपक्याची रायफल दिली आणि दोन्ही डोळे उघडे ठेवायला सांगितले. पाच छरे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसले. पुन्हा दिले, पुन्हा बसले. म्हणजे हात स्थिर होता; श्वास ठीक होता; घोडाही ती हळुवार दाबत होती. दोष एवढाच, की ती उजव्या खांद्यावर रायफल घेत होती आणि तिचा प्रबळ डोळा डावा होता. तो तिला नीट मिटताही येत नसे; मिटण्याच्या धडपडीत सगळा चेहरा आवळला जाई. निवड साध्या रायफलीवरच होणार होती. तेव्हा तिच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर धुरकट चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावला. उजेड दोन्ही डोळ्यांना सारखा, माशी मात्र एकाच डोळ्याला. पुढच्या तीन आठवड्यांत तिची भोके हळूहळू जवळ आली आणि संघातली शेवटची जागा तिला मिळाली.

त्याच सुमारास उलटे उदाहरणही दिसले. साध्या रायफलीवर बरे गुण मिळवणाऱ्या एका मुलाला ठिपक्याची रायफल दिली, तर त्याचे गुण घसरले. त्याची नजर तल्लख होती आणि तिच्या बळावर बाकीचे झाकले जात होते. ठिपक्याने त्याचा प्रत्येक कंप मोठा करून त्याला दाखवला. आणि तो ठिपका दहाच्या वर्तुळावरून जाता जाता घोडा खसकन ओढू लागला. ठिपका थांबण्याची वाट पाहू नये आणि त्याच्या मागेही धावू नये, तो हलता राहील हे गृहीत धरून बोट संथपणे मागे न्यावे, हे त्याला शिकायला बरेच दिवस लागले.

या दोघांना एकत्र पाहिले, तेव्हा शब्दांची ती जुनी गाठ आमच्या डोळ्यांदेखत सुटली. नेम आणि शिस्त या शब्दांनी ज्या दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, त्या ठिपक्याने वेगळ्या करून दाखवल्या. रेषा जुळवण्याची शिस्त तो आपल्याकडून काढून घेतो. श्वासाची, बोटाची, अंतर ओळखण्याची, शून्य कुठे धरायचे ते ठरवण्याची शिस्त तो काढून घेत नाही. उलट ती आहे की नाही, हे उघडे पाडतो. साध्या रायफलीवर चुकलेल्या छऱ्याची कारणे एकमेकांत मिसळलेली असतात. डोळ्याचा दोष हाताच्या नावावर जमा होतो, हाताचा डोळ्याच्या नावावर. आणि शिकणारा आपल्याला जमतच नाही, असा सरसकट निकाल स्वतःवर देऊन मोकळा होतो. ठिपका उत्तम नेमबाज घडवत नाही. दोष कोणाचा, एवढे तो सांगतो. शिक्षकाच्या दृष्टीने ही मदत लहान नाही.

वर्गातही आता निरनिराळे ठिपके आले आहेत. कवितेचा भावार्थ मोबाइलवर क्षणात मिळतो आणि तो नेमका कवितेच्या मर्मस्थानी नेऊन ठेवलेला असतो. ठिपका जेवढा ठळक, तेवढी खालची ओळ झाकलेली. त्याला बंदी घालण्याने काही साधेल असे आम्हाला वाटत नाही. पण भावार्थ हाती देऊनही विद्यार्थ्याला कवितेविषयी दोन वाक्ये स्वतःची लिहिता आली नाहीत, तर अडचण शब्दार्थाची नव्हती, एवढे तरी कळते. आणि शब्दार्थ मिळताच जो भराभर लिहू लागतो, त्याला आपण इतके दिवस 'वाङ्मयाची समज नाही' म्हणत होतो का, हेही तपासता येते. समीक्षेलाही दोन्ही रीती माहीत आहेत: कृतीवर एक खूण ठेवून मोकळे होणे, आणि कृतीला वेढून चारी बाजूंची कड सारखी आहे का ते पाहणे. पहिली जलद, दुसरी सावकाश. पाठ्यक्रमाच्या घाईत पहिलीचीच सवय लागते.

यंदाच्या तुकडीसाठी आम्ही क्रम असा ठरवला आहे. पहिले पंधरा दिवस साधी रायफल, खाच आणि माशी. मग प्रत्येकाला एक संध्याकाळ ठिपक्याची, दोन्ही डोळे उघडे. दोन्ही कागद शेजारी शेजारी लावायचे आणि फरक कशाचा, ते ज्याचे त्याने लिहून काढायचे. त्यानंतर पुन्हा साधी रायफल. आणि नेम दाखवून देण्याचे काम आता एन.सी.सी.वाल्या सरांच्या डोळ्यांकडून काढून तिसऱ्या वर्षाला गेलेल्या त्या मुलीकडे सोपवले आहे. चष्म्यावरची चिकटपट्टी ती अजून लावते. नवी मुले विचारतात, तेव्हा ती त्यांना आधी कोणता डोळा प्रबळ, ते तपासायला सांगते.